स्वस्त मिनी लॅपटॉप घ्यावा का? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या गिऱ्हाइकांसाठी

एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल लागून पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की बेळगावपासून निपाणीपर्यंत घरोघरी एकच प्रश्न निघतो: पंधरा हजारांत नवा कोरा लॅपटॉप मिळतोय, घेऊ का? एकाच हलक्या कामासाठी हवा असेल तर घ्या. घरातला एकुलता एक संगणक म्हणून हवा असेल तर घेऊ नका; त्याच पैशात मुळात दणकट बांधलेला, वापरलेला ऑफिसचा लॅपटॉप येतो आणि तो जास्त वर्षं पुरतो.

स्वस्त मिनी लॅपटॉपमध्ये जे कमी पडतं ते नंतर वाढवता येत नाही, ही खरी मेख आहे. प्रोसेसर, रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) आणि साठवण (फाइल ठेवायची जागा) बहुतेक वेळा मदरबोर्डावर सोल्डर केलेली असतात. त्यामुळे ‘आता चालवून घेऊ, पुढे रॅम टाकू’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. जी काय अक्कल चालवायची ती पैसे देण्याआधीच.

आधी काम ठरवा

मिनी लॅपटॉप म्हणजे साधारण ११.६ इंची स्क्रीन, वजन सव्वा किलोच्या आसपास, आत इंटेलचा सहा वॅटचा सेलेरॉन किंवा तसाच प्रोसेसर आणि बहुधा पंखा नाही. जुन्या ऑफिस लॅपटॉपांतले १२.५ इंचीसुद्धा याच मापाचे, म्हणून त्यांचा विचार इथे सोबतच केला आहे. ऑनलाइन दिसणारे सात-आठ इंची, नाव नसलेले चिमुकले लॅपटॉप मात्र बाजूला ठेवा. सीसीटीव्ही किंवा नेटवर्क जोडणाऱ्या कारागिराला ते खिशात न्यायला बरे पडतात, पण त्यांच्या कीबोर्डवर एक पानभर मराठी टाइप करून पाहिलं की हौस फिटते.

पत्रं, एक्सेलमधला हिशेब, पीडीएफ, ईमेल, यूट्यूबवरचे तास, एका वेळी एखादा ऑनलाइन अर्ज, एवढंच काम असेल तर स्वस्त मिनी चालतो. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअरही हलकं आहे, एका दुकानाचा हिशेब त्यावर निभतो.

ग्राम वन किंवा तत्सम सेवा केंद्र चालवणाऱ्याचं गणित वेगळं. सेवा सिंधू या सरकारी पोर्टलचे अर्ज ब्राउझरमध्ये भरले जातात, पण अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, स्कॅनर यांना विंडोजचे ड्रायव्हर लागतात. क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) किंवा अँड्रॉइडवर चालणारा स्वस्त लॅपटॉप इथे घेऊन उपयोग नाही. शिवाय समोर रांग असताना दहा-बारा टॅब, दोन पीडीएफ आणि स्कॅनिंग एकदम चालू असतं. ८ जीबी रॅमच्या खाली विचारच करू नका.

व्हीटीयूच्या (इंजिनिअरिंगच्या) कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना मिनी लॅपटॉप देऊ नये. कॅड, मॅटलॅब, अँड्रॉइड स्टुडिओ या जड सॉफ्टवेअरांतलं काही सेलेरॉनवर धड चालत नाही. लग्नपत्रिका आणि जत्रेचे फ्लेक्स करणाऱ्यांनाही तेच सांगणं: १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर कोरलड्रॉचे टूलबार बसवले की कामाला जेमतेम तळहाताएवढी जागा उरते.

पाटीवरचे आकडे कसे वाचायचे

जाहिरातीत ‘इंटेल क्वाड कोअर, हाय स्पीड’ एवढंच लिहिलं असेल आणि पुढे नंबर नसेल तर ती वस्तू तिथेच सोडा. प्रोसेसरचा नंबर लपवणारा विक्रेता तो चांगला असल्यामुळे लपवत नसतो.

नंबर दिला असेल तर असा वाचा. ॲटम झेड८३५० आणि सेलेरॉन एन३३५० हे जुने. त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, फुकट मिळाला तरच घ्यावा असा प्रकार. सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० दोन कोअरचे. विंडोज ११ त्यांच्यावर चालतं, पण रखडत. २०२३ साली आलेला एन१०० चार कोअरचा आहे आणि ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. स्वस्तातल्या नव्या मिनी लॅपटॉपांत घेण्यासारखा हाच. एन९५ त्याचाच भाऊबंद, जरा जास्त तापतो इतकंच.

रॅमचं गणित सरळ आहे. विंडोज ११ नुसतं सुरू होऊन बसलं तरी अडीच-तीन जीबी रॅम खातं. ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये तुमच्या कामाला उरतो एक जीबी, त्यात ब्राउझरचे चार-पाच टॅब मावतात. सहावा उघडला की विंडोज रॅममधला माल काढून साठवणीत ठेवायला लागतं आणि लागेल तसा परत आणतं. ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक भांड्यासाठी माळ्यावर चढायचं, तसं. साठवण जलद असेल तर हे खपून जातं. स्वस्त मिनीत साठवणच मंद असते, म्हणून दोन्ही दुखणी एकदम अंगावर येतात आणि माउस दाबल्यावर दहा सेकंदांनी खिडकी उघडते.

ही मंद साठवण म्हणजे ईएमएमसी. मोबाइलमध्ये असते तशी ही चिप बोर्डावर चिकटवलेली असते. चांगल्यात चांगल्या ईएमएमसीची वाचण्याची गती सेकंदाला २५० ते ३०० एमबी, साध्या साटा एसएसडीची (वेगळी बसवायची जलद साठवण) ५०० च्या वर, आणि एनव्हीएमईची (एसएसडीचाच आणखी जलद प्रकार) दीड हजारापासून पुढे. जाहिरातीत मात्र ‘६४ जीबी एसएसडी’ असंच ठोकून दिलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर ३२ किंवा ६४ जीबी दिसलं की ती ईएमएमसी समजा. १२८ जीबी असेल तर विचारून घ्या.

६४ जीबीमधले विंडोजला जेमतेम ५८ जीबी दिसतात. त्यातले तीसेक जीबी विंडोजच घेतं. ऑफिस, ब्राउझर, मोबाइलमधून आलेले फोटो धरले की वर्षभरात तांबडी पट्टी दिसायला लागते. मग मोठं अपडेट उतरतं, जागा नाही म्हणून अर्ध्यावर अडकतं, पुन्हा उतरतं. ‘लॅपटॉप बिघडला’ म्हणून दुकानात येणाऱ्या कित्येक मिनींना खरा आजार एवढाच असतो. शिवाय रॅम अपुरी असली की याच चिपवर सतत लिहिणं चालतं, त्यात तिचं आयुष्य घटतं, आणि चिप गेली म्हणजे बोर्ड गेला.

काही मॉडेलांत पोटाला एक छोटं झाकण असतं, त्याखाली एम.२ चा, म्हणजे एसएसडीची काडी बसवायचा, खण. तो बहुधा २२४२ मापाचा, म्हणजे ४२ मिलिमीटर लांबीचा, आणि फक्त साटा एसएसडी घेणारा असतो. त्यात एनव्हीएमई काडी बसवली तर ती दिसतच नाही, आणि ‘एसएसडी खराब निघाली’ म्हणून दुकानदाराशी वाद होतो. खण आहे का, कुठल्या मापाचा, साटा की एनव्हीएमई, हे तिन्ही आधी विचारा. असा खण असलेला, ८ जीबी रॅमचा एन१०० मिनी मिळाला तर तो खुशाल घ्या. ४ जीबी आणि ६४ जीबीची जोडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

विंडोजचा ‘एस मोड’ दिसला तर घाबरू नका. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात, पण सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमधून त्यातून फुकट बाहेर पडता येतं. एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही; जायचं कारणही नाही.

क्रोमबुक शाळकरी मुलांना वाईट नाही. ४ जीबीमध्ये ते विंडोजपेक्षा पुष्कळ हलकं चालतं. फक्त त्या मॉडेलला अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार हे बघून घ्या. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेली दहा वर्षांची मुदत मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नव्हे. दुकानातल्या चालू क्रोमबुकवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ उघडून आणखी तपशिलात गेलं की तारीख दिसते.

त्याच पैशात जुना घेतला तर

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी शेकड्यांनी लॅपटॉप काढून टाकतात. ते पुणे-मुंबई-बेंगळुरूच्या व्यापाऱ्यांकडून इकडच्या दुकानांत येतात. नवा ४/६४ चा मिनी साधारण तेरा ते अठरा हजारांना असेल, तर आठव्या पिढीचा आय५ (इंटेलचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा जुना लॅपटॉप पंधरा ते बावीस हजारांच्या दरम्यान बसतो. रॅमचे भाव चढले की दोन्ही चढतात, पण दोघांतलं अंतर फारसं हलत नाही.

आठवी पिढीच का? कारण इंटेलमध्ये विंडोज ११ ची अधिकृत हद्द बहुतांशी तिथून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल दुकानदार आता हातातून सोडायला बघतात. लॅटिट्यूड ७२७०, थिंकपॅड एक्स२६०, एलिटबुक ८२० जी३ ही त्यातली मॉडेलं. यंत्र म्हणून ती अजून उत्तम आहेत आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून वापरणार असाल तर फार स्वस्त पडतात. विंडोजच हवं असेल तर नको.

पिढी ओळखायची ती नंबरवरून. आय५-८३५०यू म्हणजे आठवी, आय५-७३००यू म्हणजे सातवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. मॉडेलच्या नावावर जाऊ नका: लॅटिट्यूड ७२९० सातव्या पिढीतही येतो, आठव्यातही. लॅटिट्यूड ७२९० ची रॅम खणात असते, बदलता येते. थिंकपॅड एक्स२८० दिसायला तितकाच देखणा, पण त्याची रॅम सोल्डर केलेली; तो घ्यायचा तर ८ किंवा १६ जीबीचाच. एलिटबुक ८३० जी५ जरा मोठा, १३.३ इंची, पण रॅमचे दोन खण असलेला.

दुकानात हे करून बघा

जुना लॅपटॉप घेताना अर्धा तास हाताशी ठेवा. घाई करणाऱ्या दुकानात थांबू नका.

पहिल्यांदा लॅपटॉप बंद करून काचेच्या काउंटरवर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर बोट दाबा. डगमगत असेल, किंवा टचपॅडची एक कड वर आलेली दिसली, तर आतली बॅटरी फुगली आहे. पुढची तपासणी करायचीच गरज नाही. सरकारी योजनेची खूण किंवा कुठल्या संस्थेची मालमत्ता असल्याचा शिक्का कोरलेला दिसला तरी परत द्या.

मग चालू करताना डेल असेल तर एफ२, थिंकपॅड असेल तर एफ१, एचपी असेल तर एफ१० दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर नको म्हणा. ‘नंतर काढून देतो’ याला काही अर्थ नाही. नव्या ऑफिस लॅपटॉपांचा बायोस पासवर्ड बॅटरी काढून जात नाही.

डेल असेल तर बायोसमध्येच चार्जर किती वॅटचा दिसतो ते वाचा. डेलच्या गोल पिनीच्या मधोमध सुईएवढी बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख सांगतो. ती वाकलेली असेल किंवा चार्जर बनावट असेल तर लॅपटॉप ‘अननोन’ दाखवतो, चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालतो. अशा लॅपटॉपवर लोक विंडोज तीन-तीनदा टाकून बघतात. दोष सुईत असतो.

विंडोज उघडल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं टाइप करा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता भरते ती) हे दोन आकडे बघायचे, मिलिवॅट-तासांत. पहिला ४२,००० आणि दुसरा २७,३०० असेल तर बॅटरी ६५ टक्के उरली आहे. हलक्या कामाला लॅपटॉप आठेक वॅट ओढतो असं धरलं तर २७.३ वॅट-तास म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचा नंबर, रॅम आणि तिचे किती खण भरलेत ते दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, एसएसडीची तब्येत टक्क्यांत सांगतं. बाकी कीबोर्डाची प्रत्येक कळ, कॅमेरा, माइक, स्पीकर, प्रत्येक यूएसबी, आणि पांढऱ्या पानावर स्क्रीनचे डाग, हे ज्याचं त्याला सुचतंच.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी शेवटी. दुकानदाराला सांगून लॅपटॉप तुमच्यासमोर रीसेट करायला लावा आणि नव्याने सुरू होताना मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. इंटरनेट मिळाल्यावर त्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागू लागला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. इंटरनेट न जोडता सेटअप केला की हे दिसत नाही. पुढे कधी विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की कुलूप पडतं आणि ते उघडून देणारा कुणी तुमच्या ओळखीचा नसतो.

कुठून घ्यायचा

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी की ऑनलाइन, याचं उत्तर दुरुस्ती कुठे होणार यावरून काढा. नव्या लॅपटॉपची वॉरंटी ‘ऑनसाइट’ असेल तर कारागीर घरी येतो. ‘कॅरी-इन’ असेल तर आपणच सेंटरला न्यायचा. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा, खानापूरचा ५९१३०२ किंवा निपाणीचा ५९१२३७. निपाणीकराला कोल्हापूरचं सेंटर जवळ पडतं, खानापूरकराला बेळगावचं. नाव नसलेल्या मिनीची वॉरंटी फक्त विक्रेत्याची असते, म्हणजे कुरियरने परत पाठवा आणि वाट बघा.

स्वतःचा जीएसटी नंबर असलेल्या व्यापाऱ्याने कोल्हापुरात घेताना एक गोष्ट आधी बोलून घ्यावी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर महाराष्ट्राचे सीजीएसटी-एसजीएसटी लागले तर कर्नाटकातल्या नंबरवर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर) लागून आपला नंबर बिलावर आला पाहिजे. वीस हजारांच्या बिलात तीन हजारांच्या वर फरक पडतो.

घरगुती गिऱ्हाइकाला हा घोळ नाही, पण पक्कं बिल त्यानेही घ्यावं, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. जुन्याला दुकानाची एक ते तीन महिन्यांची वॉरंटी तोंडी न घेता बिलावरच लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे वस्तू कोल्हापूर-पुण्याहून घेतली असली तरी तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. बऱ्याचदा प्रकरण तेवढ्यावर मिटतं.

ऑनलाइन घेतला तर डबा फोडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, आधी पत्त्याचं लेबल दिसू द्या. परत करायची मुदत कधी कधी सातच दिवसांची असते, म्हणून लॅपटॉप पहिल्याच दिवशी सलग चार तास चालवा. तापून बंद पडणं, वायफाय तुटणं हे त्यातच कळतं.

घरी आणल्यावर

सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. विंडोज ॲक्टिव्ह नसेल किंवा कुठल्या तरी क्रॅकने चालू केलेलं असेल तर परत न्या.

मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड एकदाच बसवून टाका, या भागात दोन्ही लागतात. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे मराठी जोडा. मग मराठीच्या पुढच्या तीन टिंबांतून भाषेचे पर्याय उघडून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड जोडा. तो विंडोजबरोबरच येतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. कन्नडसाठी हेच करा. विंडोजची कळ धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की देवनागरी उमटते, आणि तोच हात कन्नडवरही चालतो. ग्रामपंचायत किंवा तालुका कचेरीतून आलेली जुनी फाइल उघडल्यावर कन्नडऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर ती बहुधा नुडीच्या (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या फॉन्टमधली असते. नुडी बसवलं की ती वाचता येते. श्रीलिपीतल्या जुन्या मराठी मजकुराला तसेच श्रीलिपीचे फॉन्ट लागतात.

११.६ इंची स्क्रीनवर जोडाक्षरं बारीक दिसतात म्हणून डिस्प्लेचं माप १२५ टक्के करायचा मोह होतो. केलं की पानावर फार थोड्या ओळी उरतात आणि काही अर्जांची ‘सबमिट’ची बटणं स्क्रीनच्या खाली लपतात. माप १०० वरच ठेवून फक्त अक्षरांचा आकार वाढवा, त्याची सोय ‘ॲक्सेसिबिलिटी’त आहे.

४ जीबीचाच घेतला असेल तर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जाऊन वनड्राइव्ह, टीम्स आणि लॅपटॉप कंपनीची फुकटची सॉफ्टवेअर बंद करा. दुसरा अँटिव्हायरस घालू नका, विंडोजचा आतला पुरतो आणि दोन मिळून एवढंसं यंत्र गुदमरवतात. फोटो आणि पीडीएफ मायक्रोएसडी कार्डावर ठेवा. इतकं करूनही रखडत असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघा. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबीवर सुखाने. आधी पेनड्राइव्हवरूनच वायफाय, आवाज आणि टचपॅड चालतात का ते तपासा, मगच आत बसवा. ॲटमच्या जुन्या मिनींत याच तीन ठिकाणी अडतं. अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सही लागणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांत इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉटच. लॅपटॉपच्या वायफायमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायची) करून ठेवा, नाहीतर विंडोजचं अपडेट दिवसाचा डेटा सकाळीच संपवतं. महिन्यातून एकदा बेळगावात चांगल्या वायफायवर अपडेट उरकून घ्यावं. हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसतच नसेल तर मोबाइलमध्ये बँड ५ वरून २.४ गिगाहर्ट्झवर आणा. स्वस्त मिनींची वायफाय चिप कधी कधी फक्त २.४ चीच असते.

पाऊस, धूळ, वीज

एका बाबतीत मिनी लॅपटॉप जुन्या ऑफिस लॅपटॉपवर मात करतो. त्याला पंखा नसतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, वडगाव-शहापूरच्या मागाच्या खोलीत पंख्याचा लॅपटॉप वर्षभर ठेवला की उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर धुळीचा किंवा तंतूंचा थर जमतो. बाहेरून काही दिसत नाही, पण पंखा ओरडतो, प्रोसेसर गती कमी करतो आणि अखेर लॅपटॉप बंद पडतो. अशा जागी फक्त बिलं आणि नोंदी करायच्या असतील तर एन१०० चा बिनपंख्याचा मिनी हीच योग्य निवड. मात्र त्याचं पोटच उष्णता सोडतं, म्हणून तो गादीवर किंवा कापडाच्या ताग्यावर ठेवू नये. पंख्याचाच असेल तर वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदला.

वीज जाण्याला मिनी चांगला तोंड देतो. ३७ वॅट-तासांची बॅटरी आणि सात-आठ वॅटचं काम, म्हणजे पाचेक तास निघतात. कमी दाबाची वीज लॅपटॉपला त्रास देत नाही, चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही पचवतो. त्याला मारते ती वीज परत येतानाची उसळी आणि एप्रिल-मेच्या वळवात कडाडणारी वीज. ढग गडगडायला लागले की चार्जर प्लगमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खानापूरच्या पावसात लॅपटॉप महिनोन्महिने पिशवीत बंद ठेवू नये. पोर्टमध्ये हिरवट गंज धरतो आणि बॅटरी पार उतरून मरते. रोज अर्धा तास चालू ठेवला तरी त्याच्या उबेने आतली ओल धरत नाही. काही आठवडे ठेवूनच द्यायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून, बंद करून, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह डब्यात ठेवा.

चार्जर गेला तर बाजारातला कुठलाही उचलू नका. स्वस्त मिनींचा चार्जर बहुधा १२ व्होल्टचा बारीक गोल पिनीचा असतो, आणि १९ व्होल्टच्या चार्जरची पिनही कधी कधी त्यात बसते. बसली आणि लावली की बोर्ड जळतो. जुन्या चार्जरवरचे व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर तितके किंवा जास्त असले तरी चालतात. टाइप-सीचा चार्जर घेताना ४५ वॅटचा आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला घ्या, त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. जुना चार्जर चालू आहे तोवरच त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, दोन वर्षांत ती अक्षरं पुसली जातात.